तिच्या माथी मारलेली मानमोडी

कोंबडीला हात लावायची मला भीती वाटायची, आणि मला बायकांना कोंबडीपालन शिकवायला पाठवलं होतं.

माझे वडील परभणीत शाळेवर शिक्षक. आमच्या घरात अंडं कधी आलं नाही. मी समाजकार्याची पदवी घेऊन एका संस्थेत नोकरी धरली, तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "तिथं जेवायचं काय करशील?" संस्थेचं काम पालम तालुक्यात होतं. पालमच्या स्टँडपासून थोडं आत दोन खोल्यांचं ऑफिस होतं. एका खोलीत कपाट, टेबल आणि फळा, दुसऱ्या खोलीत मी. सोमवारी एसटीनं यायचं, शनिवारी परभणीला जायचं.

मला नेमून दिलेली वस्ती पालमहून आत, माळावर होती. तीसेक घरं. दसरा झाला की त्यातल्या निम्म्या घरांना कुलपं लागायची, कारण माणसं ऊसतोडीला जायची. लेकरं एक तर आईबापांबरोबर जायची आणि त्यांची शाळा सुटायची, नाहीतर म्हाताऱ्या माणसांपाशी मागं राहायची. बाईच्या हाताला घरीच काही काम मिळालं तर निदान दोन-चार घरं तरी थांबतील, असं संस्थेला वाटायचं. ते वाटणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. चूक माझ्याकडून झाली, आणि ती वेगळीच होती.

पाडव्याच्या सुमारास माणसं तोडीवरून परत आली, तेव्हा आम्ही घरटी दहा पिल्लं वाटली. सुधारित जातीची, चार आठवड्यांची, दिसायला गुबगुबीत. वाटायच्या दिवशी मी एका पिल्लाला पंखाला धरून उचलायला गेले. ते एवढं ओरडलं की मी सोडूनच दिलं, आणि सगळ्या बायका हसल्या. तेव्हा एक म्हातारी पुढं आली. गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पाऊल मोजून टाकत.

"पंख नका धरू, माय. पोटाखालून हात घाला. हां, असा. आता बघा कशी गप बसलीय."

माझ्या तळहातावर पिल्लाचं काळीज धडधडत होतं. त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणायला लागले.

मावशी एकटी होती. नवरा गेलेला, दोन्ही मुली दिलेल्या. पूर्वी तीसुद्धा तोडीला जायची, पण गुडघे गेल्यापासून जाणं बंद झालं होतं. माणसं तोडीला गेली की वस्तीतली सात-आठ लेकरं तिच्याकडं असायची. ती त्यांना भाकरी करून घालायची, शाळेत हाकलायची, आणि त्याच्या बदल्यात ज्याचं त्याचं घर तिला धान्य द्यायचं. त्याशिवाय तिच्या नऊ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. तिच्या एका हाकेला त्या माळावरून धावत यायच्या.

आमच्या प्रशिक्षणाच्या कागदात एक ओळ होती: गावठी आणि सुधारित पक्षी एकत्र ठेवू नयेत. मी ती सगळ्यांना वाचून दाखवली. बायकांनी आपापल्या दोन-चार गावठी कोंबड्या बाजारात नेऊन विकल्या. मावशीनं विकल्या नाहीत.

"बाई, तुमच्या ह्या कोंबड्या अंड्यावर बसणार न्हाईत म्हनं. मंग पुढच्या साली पिल्लं कुठून आणायची?"

"संस्था देईल ना, मावशी."

"संस्था किती साल हाय हितं?"

मला उत्तर माहीत होतं. प्रकल्प तीन वर्षांचा होता. पण मी हसून विषय बदलला आणि ऑफिसात परत गेल्यावर वहीत लिहिलं, 'एक लाभार्थी बदलास तयार नाही.' ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे आठवलं की आजही मान खाली जाते.

त्या वर्षीच्या उन्हात पिल्लं वाचली ती मावशीमुळं. आमच्या कागदात उन्हाबद्दल दोनच ओळी होत्या. तिनं घरोघर फिरून टोपल्यांवर ओली पोती टाकायला लावली, पाण्यात कांद्याच्या फोडी टाकायला लावल्या, दुपारी पिल्लं कुठं सावलीला ठेवायची ते दाखवलं. आमच्या अहवालात मात्र लिहिलं गेलं की प्रशिक्षणामुळं मरतूक कमी झाली. अहवाल मीच लिहिला होता.

गणपतीच्या आगेमागे कोंबड्या अंड्यावर आल्या. वस्तीचं तोंडच बदललं. बायका दर आठवड्याला पालमच्या बाजाराला भुशात अंडी ठेवून टोपल्या न्यायच्या. मावशीच्या शेजारी एक तरुण बाई राहायची, तिला पहिलीतली मुलगी होती. ती दसऱ्याच्या आधी मला म्हणाली, "औंदा आमी न्हाई जायलाव, ताई. मालकाला म्हणलं, तुमी हितंच मिळंल ते काम बघा, मी कोंबड्या वाढवते. लेकरू साळंत राहील." हे मी आमच्या सरांना फोनवर सांगितलं. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. ते म्हणाले, "हेच तर पाहिजे होतं. शाबास." मी दिवसभर त्या 'शाबास'वर तरंगत होते.

आता लशीचं सांगते.

कोंबड्यांना मानमोडी म्हणून एक रोग येतो. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि एका खुराड्यात शिरला की सगळी वस्ती साफ करतो. त्यावर लस आहे. पिल्लं लहान असताना एकदा दिली होती, दसऱ्याच्या सुमारास दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली होती. डोळ्यात एक थेंब टाकायचा, एवढंच काम. परभणीतल्या एका डॉक्टरांकडून मी लशीच्या बाटल्या घेतल्या. त्यांनी माझ्यासमोर थर्मास बर्फानं भरला, त्यात बाटल्या ठेवल्या आणि म्हणाले, "आज दुपारच्या आत द्या. बर्फ संपला की ही लस नाही, नुसतं पाणी आहे. लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं होतं. विसरले असते तर निदान तसं सांगता आलं असतं.

त्याच दिवशी पिंगळीला माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. पिंगळी वाटेतच होती म्हणा, किंवा मी ती वाटेत आणली म्हणा. तासभर थांबून पुढं जायचं असं ठरवून मी पॅसेंजरनं पिंगळीला उतरले. थर्मास मावशीच्या, म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीच्या फ्रीजमध्ये ठेवला. पाहुणे उशिरा आले. जेवणं लांबली. मला कोणी तरी वाढायला घेतलं, कोणी नवरीची साडी नेसवायला बोलावलं. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. किती तरी महिन्यांनी मी चांगली साडी नेसले होते, आणि नात्यातल्या बायका विचारत होत्या, "तू तिकडं खेड्यात एकटी राहतेस? केवढं काम गं तुझं!" मी त्यांना वस्तीच्या गोष्टी सांगत बसले. वस्तीवर फोन करून उद्या येते म्हणाले आणि मुक्काम केला.

सकाळी थर्मास फ्रीजमध्ये नव्हता. श्रीखंडाच्या डब्यांना जागा पाहिजे म्हणून कोणी तरी तो आदल्या दुपारीच बाहेर काढला होता आणि ओट्यावर गॅसच्या बाजूला ठेवला होता. मी झाकण उघडलं. पाणी कोमट होतं. बाटल्या तरंगत होत्या आणि त्यांची लेबलं सुटून आली होती.

पुढं मी जे केलं ते घाईत किंवा गोंधळात केलं नाही. मी ते पाणी मोरीत ओतलं. स्टेशनजवळच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणला, थर्मास पुन्हा भरला, बाटल्या आत टाकल्या, बाहेरून नीट पुसला. परभणीला परत जाऊन दुसरी लस आणायची तर आणखी एक दिवस गेला असता, डॉक्टरांना कारण सांगावं लागलं असतं, सरांना कळलं असतं. मनाशी म्हटलं, थोडा तरी गुण असेलच शिल्लक. आणि मी पालमकडं निघाले.

वस्तीवर बायकांनी पहाटेपासून कोंबड्या टोपल्यांखाली डालून ठेवल्या होत्या. सगळ्या माझी वाट बघत होत्या. मी थर्मास उघडला तेव्हा आतून बर्फाचा खळखळ आवाज झाला, आणि शेजारीण मुलीला म्हणाली, "बघ, कसं थंडगार आणलंय ताईनं." मी एकेका कोंबडीच्या डोळ्यात थेंब टाकत गेले. मावशी माझ्या बाजूला बसून कोंबड्या धरून देत होती. सगळ्यांच्या झाल्यावर ती म्हणाली, "माझ्या गावठीलाबी एकेक थेंब द्या की. नऊच तर हायत."

"त्या यादीत नाहीत, मावशी. लस मोजून आणलीय."

लस उरली होती. बाटलीत दिसत होती. तिनं बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि गुडघ्यांवर हात ठेवत उठली.

तीन आठवडेही झाले नसतील. सकाळी शेजारणीचा फोन आला. "ताई, कोंबड्या मरायल्यात. माना वाकड्या करून मरायल्यात. जल्दी या."

मी पोचले तोपर्यंत निम्म्या गेल्या होत्या. खुराड्याखुराड्यातून हिरवी घाण, आणि जिवंत होत्या त्या मान पाठीवर टाकून गोल गोल फिरत होत्या. पुढच्या चार दिवसांत बाकीच्याही गेल्या. पुरुषांनी वस्तीबाहेर खड्डा खणला, मी पालमहून चुना आणला. बायका पाटीतून मेलेल्या कोंबड्या आणून खड्ड्यात टाकत होत्या. शेजारणीची मुलगी प्रत्येक कोंबडीचं नाव घेऊन रडत होती. तिनं दहाही कोंबड्यांना नावं ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

मावशीच्या दहाही सुधारित कोंबड्या मेल्या. गावठीतला कोंबडा आणि सहा कोंबड्या मेल्या. तीन वाचल्या. त्या तीन वाचल्या हेच तिला भोवलं.

सर परभणीहून आले. मारुतीच्या पारावर बैठक बसली. सरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "दुसरी लस दिली होती ना?"

"हो सर."

"बर्फातून आणली होती?"

"हो सर."

"मग रोग आला कुठून?"

मग मागून एक पुरुष म्हणाला, "म्हातारीच्या गावठी कोंबड्यांतून. त्यांला लस न्हवती दिलेली." लगेच दुसरा म्हणाला, "हौ, आन् बघा, तिच्या तीन अजून जित्या हायत. आमचं खुराडं धुऊन निघालं." सर माझ्याकडं वळले. "असं होऊ शकतं. गावठी पक्षी ठेवू नका, हे सांगितलं नव्हतं का?"

मी म्हणाले, "मी त्यांना आधीच सांगितलं होतं."

वाक्य खरं होतं. एक शब्दही खोटा नव्हता. आयुष्यात मी याहून मोठं खोटं बोलले नाही.

मावशी पाराच्या खाली, जमिनीवर बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन. ती म्हणाली, "माझ्या कोंबड्या माझ्या दारात होत्या, बाबांनो. माझ्याबी मेल्या की." शेजारीण उठली आणि तिच्या अंगावर ओरडली, "तुझ्या एकटीच्या हट्टापायी माझं लेकरू आता उसाच्या थळात जाणार! ताईनं कितींदा सांगितलं तुला!" मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी वहीत काही तरी लिहायला लागले. काय लिहिलं ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही, नुसत्या रेघा.

त्या आठवड्यात शेजारीण नवऱ्याबरोबर मुलीला घेऊन तोडीला गेली. तोडीच्या टोळीत उशिरा जाणाऱ्याला मिळेल ती जागा घ्यावी लागते. आणखी तीन घरं थांबली होती, तीही गेली. त्या वर्षी मावशीकडं कोणी लेकरू राहू दिलं नाही. कोणी धान्य दिलं नाही. हापशावर ती आली की बायका घागर घेऊन बाजूला व्हायच्या. हे सगळं मला वस्तीतल्या अंगणवाडीताई सांगायच्या आणि मी "अरेरे" म्हणायचे.

एक दिवस गेले तर तिच्या दाराला कुलूप होतं. तीन कोंबड्या टोपलीत घालून ती बहिणीकडं गेली होती. येलदरीला.

त्यानंतर मला खोकला झाला तरी वाटायचं, शिक्षा आहे. मी परभणीला गेले की आईशी भांडायचे, विनाकारण. कोणी माझ्या कामाचं कौतुक केलं की उठून आत जायचे. एकदा वडिलांनी विचारलं, "काय झालंय?" मी म्हणाले, "काही नाही, दगदग." वडिलांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. माझी ही चूक त्यांना दाखवायची हिंमत मला झाली नाही. ते गेले, तरी सांगितलं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी मी जिंतूरवरून येलदरीला गेले. पत्ता फारसा शोधावा लागला नाही. बहिणीचा जावई धरणावर मासे धरायचा, तेवढ्यावर लोकांनी घर दाखवलं. अंगणात जाळी वाळत घातलेली होती आणि मावशी त्यातली फाटलेली घरं दोऱ्यानं भरत बसली होती. मला पाहून तिनं बहिणीला हाक मारली, "पाण्याचा तांब्या आण गं, परभणीच्या बाई आल्यात."

मी पाणी प्यायले. मग सगळं सांगितलं. साखरपुडा, फ्रीज, कोमट पाणी, दुकानातला बर्फ, बाटलीत उरलेली लस. बोलताना मी तिच्या हातांकडं बघत होते, तोंडाकडं नाही. ती दोरा ओवत राहिली. माझं सांगून झालं तरी बराच वेळ ओवत राहिली.

मग म्हणाली, "मला सांगायला एवढ्या लांब आलाव?"

"हो, मावशी. माझं चुकलं."

"मला ठावं होतं की, माझ्या कोंबड्यांनी न्हाई आणलं. माझ्या कोंबड्या मला ठाव्या हायत." तिनं दोरा दातानं तोडला. "ज्यांला ठावं न्हाई त्यांला सांगायचं, म्याडम. मला सांगून काय फायदा?"

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही, की गप्प केलं नाही. बहिणीनं जेवून जा म्हणून आग्रह केला. मी मासे खात नाही म्हटल्यावर तिनं पिठलं टाकलं. मावशीही जेवली माझ्याबरोबर, पण बोलली ती बहिणीशी, पाण्याला आलेल्या उताराबद्दल आणि जाळ्याच्या दोऱ्याबद्दल. निघताना मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "असू द्या, गाडी चुकंल."

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की उद्याच सरांना सांगायचं. उद्याचे पंधरा दिवस झाले. शेवटी सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "हे आता सांगून कोणाचं भलं होणार आहे? कोंबड्या परत येणार आहेत का? उलट लोक पुन्हा कुठल्याच लशीवर विश्वास ठेवणार नाहीत. इतर गावांतलं काम बुडेल." मला ते पटलं. पटवून घ्यायला मी तयारच होते. आणखी एक महिना त्या पटण्यावर गेला.

पाडव्याला माणसं तोडीवरून परत आली. शेजारीण दिसली ती वाळून गेलेली, आणि मुलगी तर ओळखू येईना. उन्हानं करपलेली, केस तांबडे झालेले. मी तिला विचारलं, "शाळेत येणार ना आता?" ती आईच्या मागं लपली. शेजारीणच म्हणाली, "अक्षरं इसरली ती, ताई. पाटी दिली तर नुसती बघतीय."

त्या संध्याकाळी मी बायकांना गोळा केलं आणि सांगितलं. उभ्यानं सांगितलं, कारण बसले असते तर पूर्ण सांगता आलं नसतं. सांगून झाल्यावर कोणी तरी शिवी देईल, अंगावर येईल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं होतं. एक म्हातारी उठून निघून गेली. एकीनं विचारलं, "म्हंजी आमी दवा म्हणून पाणी टाकून घेतलं डोळ्यात?" मी हो म्हणाले.

मग शेजारीण बोलली. माझ्याशी नाहीच. बाकीच्या बायकांशी. "त्या म्हातारीला आपुन काय काय बोललाव गं. ते कसं माघारी घ्यायचं आता?"

दुसऱ्या दिवशी ती आणि आणखी एक बाई येलदरीला गेल्या. मला बोलावलं नाही. मावशी लगेच आली नाही. त्यांना परत पाठवलं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा मुलीला घेऊन गेल्या, आणि मग आली. सोबत टोपलीभर पिल्लं घेऊन आली. त्या तीन गावठी कोंबड्यांनी तिकडं अंडी उबवली होती. वस्तीत एकही गावठी कोंबडी उरली नव्हती. मावशीनं त्यातल्या वाढत्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घरोघर अर्धलीनं लावल्या. अर्धलीनं म्हणजे कोंबडी पाळायची त्या घरच्या बाईनं, आणि पिल्लं झाली की निम्मी मावशीची, निम्मी तिची. मावशीच्या वाट्याची पिल्लं मग पुढच्या घरी जायची. दोन वर्षांत सगळ्या वस्तीत पुन्हा कोंबड्या झाल्या. लहान, काटक, रंगीबेरंगी. अंडी कमी द्यायच्या, पण स्वतःच बसायच्या आणि स्वतःची पिल्लं स्वतः काढायच्या. आमच्या संस्थेचा प्रकल्प तोपर्यंत संपला होता.

मला या सगळ्यातलं बरंचसं अंगणवाडीताईंकडून कळलं. सरांनी मला त्या वस्तीवरून काढून ऑफिसात बसवलं होतं. अहवालात 'साथीच्या रोगामुळे नुकसान' असं गेलं. मी पुढं वर्षभर तिथं होते, मग नोकरी सोडली. कोणी काढलं नाही मला. कोणी काढायला हवं होतं.

एकदा मात्र मी वस्तीवर गेले. सरकारी दवाखान्याची माणसं लस द्यायला येणार होती, आणि अंगणवाडीताईंनी मला या म्हटलं होतं. लस देणारा एक तरुण होता, मोठा निळा डबा घेऊन आलेला. तो बाटली काढायला लागला तसं मावशीनं त्याला थांबवलं. "आधी डबा उघड, बाबा. बर्फ दाव." त्यानं हसत उघडला. मग शेजारणीनं आत हात घातला, तिच्या मागं दुसरीनं, तिसरीनं. सगळ्यांनी बर्फाला हात लावून पाहिल्यावरच कोंबड्या टोपल्यांखालून निघाल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही. त्यांना काम होतं. मुलगी कोंबड्या धरून देत होती आणि कुठल्या घरच्या किती झाल्या ते वहीत लिहीत होती. जाताना मावशी म्हणाली, "चहा घेऊन जा, म्याडम." मी घेतला.

आता मी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या संस्थेत आहे. नव्यानं कामाला लागलेल्या मुलींना शिकवते. वस्तीवर कसं जायचं, कसं बोलायचं, कोणाचं आधी ऐकायचं. लशीचा विषय आला की मी ही हकीगत सांगते. बर्फ, श्रीखंड, म्हातारी, पार, सगळं. फक्त सुरुवात अशी करते, "एक कार्यकर्ती होती." दर वेळी ठरवते की या खेपेला 'मी' म्हणायचं, आणि दर वेळी तोंडातून 'एक कार्यकर्ती' हेच येतं.

मागच्या महिन्यात एका मुलीनं हात वर केला. पालमकडचीच होती बोलण्यावरून. म्हणाली, "मॅडम, ती कार्यकर्ती आता कुठं असती?"

मी फळा पुसत होते. म्हणाले, "असेल कुठं तरी." मग चहा आला, आणि सगळ्याजणी कप घ्यायला उठल्या.